किण्वाची एकादशी

आमच्या घरात एकादशीचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष माझा. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी यांवर या पक्षाची गाढ श्रद्धा असून ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे त्याचे जाहीर धोरण आहे. दुसरा पक्ष माझ्या आत्याचा. या पक्षात ती एकटीच. पण एका माणसाच्या पक्षाचा घरावर किती दरारा असू शकतो, हे ज्यांच्या घरी अशी एखादी आत्या आहे त्यांना सांगायला नको. सत्तरी ओलांडलेली, गेली पन्नास वर्षे एकही एकादशी न चुकलेली. सकाळी कपभर दूध, दुपारी एखादे केळे किंवा मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या आणि दिवसभर विठोबाचे नाव, असा तिचा शिरस्ता. पुढे मधुमेह झाला, सकाळची गोळी सुरू झाली. तरी डॉक्टरांच्या आणि विठोबाच्या संमतीने दूध-केळ्याचा हा करार बिनबोभाट चालू होता.

तो मोडला मी. कसा, तेच सांगायचे आहे.

गेल्या आषाढीच्या आठवडाभर आधी माझ्या मोबाइलवर एक संदेश आला. असे संदेश आपल्या सर्वांनाच येतात. जपानच्या एका प्राध्यापकांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कशासाठी, तर माणूस उपाशी राहिला की त्याचे शरीर आपल्याच रोगट पेशी खाऊन टाकते आणि सगळे आजार पळून जातात, हे सिद्ध केल्याबद्दल! आपल्या पूर्वजांना मात्र हे केव्हाच ठाऊक होते, म्हणून त्यांनी एकादशी सांगितली. तीही जितकी कडक तितकी गुणकारी. शेवटी, दहा जणांना पाठवा, अशी नेहमीची विनंती.

मी मराठीचा मास्तर. संदेशात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या, त्या मी मनातल्या मनात दुरुस्त केल्या आणि सायंकाळी तो आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. भाषेच्या चुका दिसल्या. मजकुराची चूक शोधावी असे मात्र एकदाही वाटले नाही.

“म्हणजे एकादशीला नोबेल मिळालं होय रे?” आत्याने विचारले.

“तसंच म्हणायचं,” मी म्हणालो.

आषाढीच्या दिवशी आत्याने पाण्याचा थेंबही घेतला नाही. म्हणजे एक घोट घेतला, गोळीपुरता. औषधाने उपास मोडत नाही, असे तिचे शास्त्र. दुपारी चारच्या सुमारास मी चहाला उठलो, तो ती देवघरासमोर भिंतीला टेकून बसलेली. लुगडे घामाने भिजलेले, हात थरथरताहेत. “आत्या” म्हणून हाक मारली, तर तिने माझ्याकडे पाहून माझ्या वडिलांचे नाव घेतले. वडील जाऊन बारा वर्षे झाली. पायांखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी वर्गात शेकडो वेळा समजावून दिला असेल. त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी धावत येऊन रक्तातली साखर तपासली. ती फार खाली गेली होती. साखरेचे पाणी पाजले. वीस मिनिटांत आत्या मला ओळखू लागली. “रिकाम्या पोटी साखर उतरवणारी गोळी घ्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारले. आत्या काही बोलली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी आमच्या महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या बाईंकडे मी तो संदेश घेऊन गेलो. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, “सर, यात पारितोषिक मिळालं एवढं खरं आहे. पण ज्यांच्या उपासाला ते मिळालं, ते माणसं नव्हते. या, दाखवते.”

प्रयोगशाळेत त्यांनी काचपट्टीवर एक थेंब ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. पाहतो तो साबुदाण्याचे दाणे सांडावेत तसे गोल-लांबट ठिपके. काहींना बाजूला लहानसा कोंब फुटलेला. हे यीस्ट. आपल्या पावाला जाळी आणणारे ते हेच. आपण त्याला किण्व म्हणतो. हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्य करण्याच्या कृतीत येतो, इतका तो जुना. गोव्यात पूर्वापार ताडीवर फुगवलेला पाव आणि सान्ने खाल्ली असतील, त्यांनी याच कुळातल्या जीवांची करणी चाखली आहे. एक किण्व म्हणजे एकच पेशी. लांबी मिलिमीटरचा सुमारे दोनशेवा भाग. पण ही पेशी कुळाने आपल्या जवळची. जंतूंच्या पेशीत नसलेले केंद्रक तिच्यात असते. आपल्या पेशीतली बहुतेक खातीही असतात. १९९६ साली तिची सगळी, म्हणजे सुमारे ६०००, जनुके वाचून झाली. केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान पहिल्यांदा तिला मिळाला.

“त्या पेशीच्या पोटात एक स्वच्छ, गोल डबके दिसतंय?” बाईंनी विचारले. दिसत होते. “ती रिक्तिका. सगळी कथा तिथे घडली.”

आणि त्यांनी मला ती कथा सांगितली. संदेशातल्या कथेपेक्षा ती कितीतरी सुरस आहे, म्हणून वाचकहो, तुम्हालाही सांगतो.

योशिनोरी ओसुमी यांचा जन्म १९४५ सालचा, जपानमधल्या फुकुओका शहरातला. वडील विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक. योशिनोरींनी टोकियो विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली आणि १९७४ साली ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेले. तेथे त्यांना उंदरांच्या गर्भधारणेवर काम मिळाले. त्यात मन रमेना, म्हणून ते किण्वाकडे वळले. १९७७ साली मायदेशी परत आले, ते दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून. स्वतःची छोटीशी प्रयोगशाळा त्यांना मिळाली ती १९८८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. माझ्यासारख्या चाळिशीतल्या माणसाला हा तपशील फार धीर देणारा वाटला, हे कबूल केले पाहिजे.

ओसुमींना शर्यतीची आवड नाही. ज्या विषयावर सगळे तुटून पडले आहेत तो सोडून, जिकडे कुणी फिरकत नाही तिकडे जावे, हा त्यांचा स्वभाव. किण्वाची रिक्तिका ही अशीच ओसाड जागा होती. पेशीचा उकिरडा, एवढीच तिची ख्याती. पण उकिरड्यात तरी काय काय येऊन पडते आणि ते तेथपर्यंत कसे पोहोचते, हे कुणाला माहीत होते?

खरे म्हणजे प्राण्यांच्या पेशींत याच्याशी मिळतीजुळती गोष्ट आधी दिसलेली होती. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दुव्ह यांनी १९५५ साली पेशीतली पाचक रसांची पिशवी, लायसोसोम, जगापुढे आणली. पेशी कधीकधी स्वतःचेच तुकडे गुंडाळून या पिशवीत नेऊन टाकते, हेही दिसले. १९६३ साली द दुव्ह यांनी त्याला ग्रीक शब्दांवरून ‘ऑटोफॅजी’ असे नाव दिले. आपण स्वभक्षण म्हणू. त्यांना १९७४ साली नोबेल मिळाले. पण हे स्वभक्षण चालते कसे, कुणाच्या हुकमाने चालते आणि ते नसले तर काय बिघडते, हे पंचवीस वर्षे कुणालाच उलगडले नव्हते.

किण्वाच्या खाद्यातला नत्र काढून घेतला की त्याच्यावर मोठे संकट येते. नत्र नाही म्हणजे नवी प्रथिने नाहीत. अशा वेळी किण्व वाढ थांबवते आणि बीजाणू तयार करण्याच्या मार्गाला लागते. ओसुमींनी विचार केला: एवढी मोठी उलथापालथ करायची, तर पेशीला जुनी प्रथिने मोडून नवी घडवावी लागत असणार. मग ही मोडतोड रिक्तिकेत होत असेल काय? अडचण अशी, की रिक्तिकेत जे पडते ते चटकन पचून जाते. चुलीत काय काय घातले हे राख पाहून सांगता येत नाही. तेव्हा चूलच विझवली तर? ज्या किण्वात पाचक रसच नाहीत असे सदोष वाण त्यांनी घेतले, त्याला नत्राविना ठेवले आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहत बसले.

अर्ध्या तासात रिक्तिकेत बारीक गोळे दिसू लागले. तीन तासांत ती त्यांनी जवळजवळ गच्च भरली. गोळे एकसारखे थरथरत, नाचत होते. पेशीने आपल्याच अंगाचे तुकडे बांधून आत पाठवले होते, आणि चूल विझलेली असल्यामुळे ते न पचता साठून राहिले होते. ओसुमी तासन् तास ते दृश्य पाहत राहिले. त्याविषयीचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला.

हे गोळे बनतात कसे, ते दिवाळीच्या दिवसांत समजावून देणे सोपे आहे. पेशीत एक पातळ पदर तयार होतो. तो वाढतो, वाटीसारखा वळतो, जवळपासचे सारण पोटात घेतो आणि कडा जुळवून बंद होतो, थेट करंजीसारखा. फरक इतकाच की या करंजीला पारी दुहेरी असते. बाहेरची पारी रिक्तिकेच्या भिंतीशी एकजीव होते आणि आतली सारणासह आत पडते. तेथे तिचे तुकडे होतात, आणि निघालेला माल पेशी पुन्हा वापरते. जुने लुगडे उसवून त्याची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते.

पण ओसुमी पाहूनच थांबले नाहीत. ही करंजी वळणारे हात कोणते, हे त्यांना हवे होते. त्यांनी रसायनाने किण्वाच्या जनुकांत यादृच्छिक बिघाड केले आणि हजारो बिघडलेल्या किण्वांतून, उपाशी ठेवूनही ज्यांच्या रिक्तिकेत गोळे दिसत नाहीत अशी शोधायला घेतली. पहिले असे वाण सापडले, तेव्हा त्याचा एक गुण लक्षात आला. साधे किण्व नत्राविना बरेच दिवस तग धरते. हे मात्र त्याच्या आधीच मरू लागे. स्वतःचे मोडून खाण्याची सोय नसेल, तर उपासमारीत निभाव लागत नाही. याच खुणेवरून पुढची वाणे हुडकता आली. मिकी त्सुकादा या त्यांच्या विद्यार्थिनीच्या जोडीने त्यांनी १९९३ साली अशी १५ जनुके जगापुढे ठेवली. त्या वेळी त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही.

मग एकेक दार उघडत गेले. भरपूर अन्न असताना हे स्वभक्षण दाबून ठेवणारे ‘टॉर’ नावाचे एक प्रथिन पेशीत असते. पहाऱ्यावरच्या या शिपायाचा शोधही १९९१ साली किण्वातच लागला होता. शिपायाला गुंगी आणणारे रॅपामायसिन हे औषध तर ईस्टर बेटावरच्या मातीत सापडलेले. त्याच्यामागे वर्षानुवर्षे चिकाटीने लागलेले शास्त्रज्ञ होते सुरेन्द्रनाथ सहगल, मूळचे भारतीय. ओसुमी आणि त्यांचे सहकारी ताकेशी नोदा यांनी १९९८ साली दाखवले, की हे औषध दिले तर भरल्या ताटावरचे किण्वसुद्धा स्वतःला खाऊ लागते.

त्याच सुमारास या जनुकांची भावंडे माणसांत सापडू लागली. २००४ साली जपानी संशोधकांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग मला सर्वांत चटका लावून गेला. पिल्लू जन्मते तेव्हा नाळ तुटते आणि आईकडून अखंड येणारे अन्न एकाएकी थांबते. दुधाने पोषण नीट सुरू होईपर्यंतचा काळ हा त्या जिवाचा पहिला उपास. या काही तासांत पिल्लाच्या पेशींत स्वभक्षण एकदम वाढते आणि त्यावर ते तग धरते. ज्या पिल्लांत यातले एक जनुक काढून टाकले होते, ती जन्मतः जवळजवळ धडधाकट दिसली; पण एका दिवसात मेली. पुढे २००६ साली आणखी एक गोष्ट दिसली: उंदराच्या मेंदूतल्या पेशींतली ही सोय बंद केली, तर पोटभर खात असूनही त्या पेशींत निकामी प्रथिनांचा गाळ साठतो आणि त्या झिजतात. म्हणजे स्वभक्षण हे केवळ दुष्काळातले कदान्न नव्हे. उपास असो वा नसो, रोजच्या केरवाऱ्यासारखे ते थोडेथोडे चालूच असते.

२०१६ साली ३ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झाले, ते या स्वभक्षणाची यंत्रणा उलगडल्याबद्दल. ८० लाख स्वीडिश क्रोनरचे ते पारितोषिक कुणाशी वाटून घ्यावे लागले नाही. ओसुमी तेव्हा ७१ वर्षांचे होते. ज्याचा उपयोग लगेच दाखवता येत नाही अशा मूलभूत संशोधनाला मदत व्हावी, म्हणून त्यांनी पुढच्याच वर्षी आपल्या पैशाची भर घालून एक प्रतिष्ठान स्थापन केले.

“आता मला सांगा,” बाई म्हणाल्या, “यात माणसाची एकादशी कुठे आली?”

मी गप्प. त्याच पुढे म्हणाल्या, “माणसाने किती तास उपाशी राहावे, हा ओसुमींचा विषयच नव्हता. कर्करोग पळतो म्हणावे, तर तिथेही दोन्ही बाजू आहेत. निरोगी पेशीला स्वभक्षणाची मदत होते, तशी वाढलेल्या गाठीतल्या पेशीलाही अडचणीत जगायला होते. ते रोगी आणि निरोगी पाहून निवडून खाते असे नाही. शिवाय किण्वाला मधुमेह नसतो आणि ते सकाळी गोळी घेत नाही. आणखी गंमत सांगू? त्या किण्वाला उपाशी ठेवताना नत्र तेवढा तोडतात. साखर त्याला भरपूर दिलेली असते.”

माझे डोळे चमकले. “म्हणजे पिष्ट चालते, प्रथिने नाहीत! अहो, मग ती साबुदाण्याच्या खिचडीचीच एकादशी झाली की. शास्त्र माझ्या पक्षाच्या बाजूने आहे!”

“सर,” बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमचा संदेश लिहिणाऱ्याने नेमके हेच केले.”

मी ओशाळलो. पण त्या वाक्याने मला माझी चूक माझ्याच भाषेत कळली. संदेशातली पहिली ओळ खरी होती: जपानी प्राध्यापकांना नोबेल मिळाले. शेवटची ओळही आमच्या घरापुरती खरी होती: आमच्याकडे एकादशी पाळतात. खोटा होता तो या दोहोंना जोडणारा ‘म्हणून’. उभयान्वयी अव्यय मी तीन वर्षांच्या प्रत्येक वर्गाला शिकवतो. दोन वाक्ये जोडण्याचे काम ते करते. ती जोडण्याजोगी आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम वाचणाऱ्याचे. ते मी केले नाही आणि त्याची किंमत आत्याने मोजली.

त्या सायंकाळी मी आत्यापाशी बसून तिला सगळी कथा सांगितली: किण्व, विझवलेली चूल, दुहेरी पारीची करंजी, उंदराची पिल्ले. तिने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतली. पिल्लांशी आलो, तेव्हा तिचा अडकित्ता थांबला. “दूध मिळेपर्यंत अंगातलंच काढून खातात? केवढी सोय करून ठेवलीय,” ती हळूच म्हणाली. मग थोड्या वेळाने:

“मला एक सांग. त्या जपानी गृहस्थांनी सांगितलं होतं का, पाणीसुद्धा पिऊ नका म्हणून?”

“नाही.”

“आणि विठोबाने?”

“त्यानेही नाही.”

“मग सांगितलं कुणी? पन्नास वर्षं दूध-केळ्यावर काढल्या मी एकादश्या. आजारपण जावं म्हणून नव्हतं रे करत. त्याचं नाव घ्यायला दिवस मोकळा मिळतो, म्हणून करत होते. तू मधे ते नोबेल आणलंस. मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं म्हणताहेत, तर आपलंच काही कमी पडतंय.”

यावर मला काही बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. उपासाच्या दिवशी गोळी कधी, किती, काय खाऊन घ्यायची आणि घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच तोंडात काय टाकायचे, हे सगळे त्यांनी एका कागदावर लिहून दिले. तो कागद मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेशेजारी चिकटवला आहे. चातुर्मासातल्या पुढच्या एकादश्या त्या कागदाबरहुकूम पार पडल्या.

आता हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर चकली-करंज्यांचे डबे भरलेले असतील. डबे संपता संपता कार्तिकी येईल. तो संदेश मला मध्यंतरी आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा पाठवणाऱ्याला मी आत्याची हकिकत कळवली. एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्याने विचारले, आत्या आता कशा आहेत?

छान आहेत. कार्तिकीसाठी राजगिऱ्याच्या लाह्या आणून ठेव, असे त्यांनी मला कालच बजावले आहे.